घाम तपासणाऱ्या बाई

पुण्यात खोली शोधत फिरलो त्या सहा आठवड्यांत मला बरेच प्रश्न विचारले गेले. लग्न झालंय का, नॉनव्हेज खाता का, मित्र येतात का, मैत्रिणी येतात का, गाव कुठलं. मिरज म्हटल्यावर चेहरे जरा फुलत. मिरजेला कुणाची तरी मावशी असतेच. मग आडनाव विचारलं जाई. ते सांगितलं की खोली नेमकी आदल्याच दिवशी गेलेली असे. एके ठिकाणी मालक मला पंखा लावून दाखवत होते. मी आडनाव सांगितलं आणि पंखा फिरत असतानाच खोली गेली. पुण्यातल्या रिकाम्या खोल्या एका शब्दात भाड्याने लावण्याची ही माझ्या आडनावाची शक्ती एखाद्या एजंटाने वापरून कशी घेतली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

सहकारनगरच्या बाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी हात मागितला.

"धुतलेत?"

"हो," मी म्हणालो. चांगलं मत पडावं म्हणून खालच्या नळावर धुऊनच आलो होतो.

"कशाला धुतलेत? जा, पाच मिनिटं उन्हात उभे राहा आणि या."

मी उन्हात उभा राहून आलो. सत्तरीच्या पुढच्या, उंच, खांद्यांनी रुंद बाई. सुती साडी, त्यावर पुरुषी शर्ट, शर्टाच्या खिशात फूटपट्टी. त्यांनी माझ्यासमोर लोखंडाची एक जाड पट्टी ठेवली, चांदीसारखी लखलखीत घासलेली. मी तळवा दाबून वीस आकडे मोजले. बाईंनी पट्टीच्या मागे खडूने माझा नंबर, 'अकरा', लिहिला आणि म्हणाल्या, "तीन दिवसांनी या."

भाडेकरूंची पोलीस पडताळणी इतकी पुढे गेली असेल याची मला कल्पना नव्हती. तीन दिवसांनी गेलो तर ओट्यावर चार-पाच पट्ट्या ओळीने मांडलेल्या. काहींवर पाचही बोटं तांबड्या गंजाने स्वच्छ उमटली होती, रांगोळीचे छाप मारावेत तशी. माझ्या पट्टीवर नुसता करडा डाग.

"राहा," बाई म्हणाल्या. "तुमचा घाम सभ्य आहे."

प्रामाणिकपणा म्हणून मी आडनाव सांगितलं.

"मी विचारलं का?"

"आणि मी नॉनव्हेज—"

"खा काय हवं ते. खाऊन मिठाचे हात मशिनला लावायचे नाहीत. मीठ कुणाच्या हातचं आहे हे बिडाला कळत नाही."

बीड म्हणजे ओतीव लोखंड, आणि मशीन म्हणजे माझ्या खोलीला लागून असलेल्या गॅरेजमधलं रंधा मशीन. कमरेएवढं उंच, चौघांना न हलणारं, वर पाच फूट लांब बिडाचा सपाट बेड आणि मधल्या फटीत गरगर फिरणारी पाती. खडबडीत फळी त्यावरून ढकलली की पलीकडे तासून गुळगुळीत होऊन निघते. बाई जुन्या पॅटर्नमेकर. कारखान्यात एखादा लोखंडी भाग ओतायचा तर त्याचा नमुना आधी लाकडात करावा लागतो. तो करण्याचा त्यांचा आणि त्यांच्या यजमानांचा हडपसरला धंदा होता. म्हणजे यजमानांनी कार्डं छापली आणि बाईंनी नमुने केले. गिऱ्हाईक येई, मशिनवर उभ्या असलेल्या बाईंना बघून विचारी, "साहेब नाहीत का?"

"आहेत. आत पेपर वाचतायत. बातम्या हव्या असतील तर आत जा. काम असेल तर ड्रॉइंग इकडे द्या."

यजमान गेले, लाकडी नमुन्यांची कामं आटली, शेड बंद झाली. बाकीची सगळी मशिनं बाईंनी विकली. हे एक क्रेनने उचलून सोसायटीत आणलं. गाडीसाठी बांधलेल्या गॅरेजात गाडी कधीच आली नाही.

बाईंच्या घरात एकच ऋतू मानला जाई, तो म्हणजे दमटपणा. बुधवार पेठेतून आणलेला दमटपणा मोजायचा काटा माझ्या खोलीच्या भिंतीवर टांगलेला होता. काटा साठच्या वर गेला की माझा कुकर बंद. पावसाळ्यात तो जूनमध्ये साठ ओलांडी तो थेट ऑक्टोबरात खाली येई, तेव्हा चार महिने मी पोळी-भाजी केंद्राच्या जिवावर काढत असे. ओले कपडे घरात आणायचे नाहीत. छत्री जिन्यात. आंघोळ झाल्यावर वाफ जिरेपर्यंत न्हाणीघराचं दार पंधरा मिनिटं उघडायचं नाही.

"आणि मी कुठे थांबायचं?" मी विचारलं.

"आतच. बाहेर कसे येणार? दार बंद आहे."

मशिनवर नेहमी सुती चादर असे. प्लॅस्टिक चालत नसे, कारण प्लॅस्टिकखाली रात्रीच्या गारठ्याने दव धरतं. बेडच्या खाली एक लहानसा बल्ब अखंड जळत असे, बीड जरा कोमट राहावं म्हणून. देव्हाऱ्यातलं निरांजन बाई अधूनमधून विसरत, हा बल्ब कधी नाही. दर रविवारी डब्यातलं घट्ट मेण फडक्याने पातळ लावायचं, दहा मिनिटं वाळू द्यायचं, दुसऱ्या फडक्याने चमक येईपर्यंत पुसायचं. एकदा मी म्हणालो, सरळ तेलच का नाही लावत?

"तेल लाकडाला लागतं. मग त्या लाकडावर पॉलिश बसत नाही," बाई म्हणाल्या. "शिवाय तेलावर धूळ बसते, धुळीवर पाणी बसतं, पाण्याखाली गंज बसतो. नुसते बसतात सगळे. मॅनेजिंग कमिटी सालं."

त्या कमिटीचे अध्यक्ष म्हणजे कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्तीनंतर सह्या करायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी सोसायटी हाती घेतली होती. फळ्यावर रोज नवी सूचना लागे. बाईंचं मशीन आठवड्यातून एकदा, दुपारी चार ते सव्वाचार, एवढंच चालवायला परवानगी होती. शेजारच्या मैदानावर ढोल-ताशांचा सराव दोन महिने कानठळ्या बसेपर्यंत चाले, पण ती संस्कृती होती. बाईंची पंधरा मिनिटं हा आवाज होता. बाईंच्या गॅरेजचं शटर बाहेरून गंजून लालभडक झालेलं. मशीन एवढं जपणाऱ्या बाई शटरकडे ढुंकून बघत नसत. पत्र्याला त्या लोखंडच मानत नसत. अध्यक्षांनी फळ्यावर लिहिलं, 'गॅरेज क्रमांक तीनच्या शटरमुळे सोसायटीच्या सौंदर्यास बाधा येत आहे.' संध्याकाळपर्यंत खाली बाईंच्या अक्षरात ओळ आली होती, 'सौंदर्य आढळल्यास कळवावे.'

मी राहायला आल्यावर आठवड्याभरात अध्यक्ष गॅरेजमध्ये आले. मी शेजारच्या खोलीतच होतो; मधलं दार उघडं होतं. ते त्यांना दिसलं असावं, कारण त्यांनी आवाज खाली आणला. म्हणजे मला ऐकू यायला थोडे कष्ट पडावेत इतपत.

"बाई, भाडेकरू ठेवण्याआधी कमिटीला विचारायचा प्रघात आहे. ते... कोण आहेत, तुम्हाला कल्पना असेलच."

"आहे ना. तपासून घेतलेत."

"काय तपासलंत?"

"घाम."

अध्यक्ष बराच वेळ बोलले. एकोपा, वातावरण, इतर सभासदांच्या भावना. बोलताना त्यांनी उजवा हात मशिनवर टेकला होता. बाईंनी मेण लावायला नुकताच बेड पुसून उघडा ठेवला होता. आश्चर्य म्हणजे बाईंनी तो काढायला सांगितलं नाही. ते गेल्यावर मेणही लावलं नाही. दोन दिवसांनी मला हाक आली. बेडवर पाच बोटं आणि तळवा लालसर उठून दिसत होता, अंगठीच्या वळ्यासकट.

"बघा," बाई म्हणाल्या. "इतर सभासदांच्या भावना."

मग फडकं घेऊन त्यांनी भावना पुसून टाकल्या. पुढे ईदला मी गच्चीवर शेगडी नेऊन शीरखुर्मा केला, काट्याच्या भीतीने. दोन वाट्या संपवून अध्यक्षांनी तिसरी घरी नेली. वातावरणावर परिणाम झाल्याचं कुणी म्हणालं नाही.

आता जे सांगायचं आहे ते माझ्याबद्दल फारसं बरं नाही.

अध्यक्षांनी गच्चीवरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवायची योजना आणली. करात सवलत मिळणार होती. पाइप इमारतीला वळसा घालून न्यायचा तर लांब पडे. बाईंच्या गॅरेजच्या छताखालून सरळ नेला तर निम्म्यात काम होई. सभेत एकट्या बाई विरोधात उभ्या राहिल्या.

"पाइपाचा सांधा नेमका मशिनच्या डोक्यावर येतोय."

"सांधा पक्का राहील, बाई. ठरावात तसं नमूद केलंय."

"पाण्याला ठराव वाचता येत नाही," बाई म्हणाल्या. इतिवृत्तात यातलं काही आलं नाही. ठराव बहुमताने संमत झाला, पाइपाला हार घातला गेला, फोटो निघाला.

जुलैत बाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. पाच दिवस त्या कोथरूडला भाचीकडे राहणार होत्या. जाताना मला आखलेली वही दिली. सकाळ-संध्याकाळ तीन रकाने: काटा किती, बल्ब चालू का, चादर कोरडी का. "चादर हाताने बघायची," त्या म्हणाल्या. "डोळ्याने बघणारे पुष्कळ आहेत."

मी तेव्हा एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होतो. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेत होतो. पहिले दोन दिवस मी इमानाने गॅरेजमध्ये गेलो. मग ऑफिसचं काम अंगावर आलं. शनिवार-रविवारीही घरून बसायचं, कानाला हेडफोन, समोर दोन स्क्रीन, मिनिटामिनिटाला कुणीतरी अमेरिकेतून विचारतंय झालं का. काल जे ठीक होतं ते आजही ठीकच असणार, असं धरून चालणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं पाप. मी खुर्चीवरून न उठता वही भरली. शनिवार सकाळ, कोरडी. शनिवार संध्याकाळ, कोरडी. हात लागलाच होता म्हणून रविवारचे रकानेही भरून टाकले.

शनिवारी दुपारी पाइपाचा सांधा निघाला. सबंध गच्चीचं पाणी दीड दिवस मशिनवर कोसळत होतं आणि उताराने शटरखालून शांतपणे बाहेर जात होतं. बल्ब पहिल्या मिनिटालाच गेला असणार. मधे एक भिंत होती आणि माझ्या कानाला हेडफोन होते.

सोमवारी सकाळी बाई रिक्षातून उतरल्या, डोळ्याला काळा चष्मा, आणि घरात न जाता सरळ गॅरेजमध्ये. मी मागोमाग. चादर बिडाला चिकटून बसली होती. मी ती सोलून काढली तशी खालून केशरी पाणी ओघळलं. बाईंना नीट दिसत नव्हतं. त्यांनी तळवा बेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवला आणि नाकाशी नेला.

"कधीपासून?"

"आज पहाटे झालं असेल," मी म्हणालो. "काल संध्याकाळी मी—"

बाईंनी खिळ्याला टांगलेली वही काढली आणि चष्मा वर करून डोळ्यांच्या अगदी जवळ धरली. "रविवार संध्याकाळ," त्यांनी वाचलं. "चादर कोरडी."

ती चादर माझ्या हातात होती. तिच्यातलं पाणी माझ्या पायांवर ठिबकत होतं.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. मी खोलीत येऊन बॅग भरायला घेतली. सगळ्या पुण्यात माझं आडनाव न विचारता मला राहू देणाऱ्या एकाच माणसाला मी नीट अक्षरात खोटं लिहून दिलं होतं. बाई दारात आल्या.

"कुठे?"

"खोली सोडतो."

"सोडा की. गंज काढून सोडा."

"बाई, मला माफ—"

"ते नंतर. आधी ब्लेड आणा."

तीन आठवडे लागले. आधी सगळं कोरडं केलं, हेअर ड्रायरने, फटीफटीतून. मग दाढीच्या ब्लेडने, जवळजवळ आडवं धरून, गंजाची साय खरवडायची. कोन जरा वाढला की बिडावर ओरखडा. मग रॉकेल शिंपडून बारीक घासणीने, घासणीमागे लाकडी ठोकळा धरून, एकाच दिशेने. गोल घासायचं नाही, एका जागी जोर द्यायचा नाही, नाहीतर तिथे खळगा पडतो आणि मग त्यावरून जाणारी प्रत्येक फळी खोटी निघते. काळा चिखल पुसायचा, पुन्हा घासायचं. रोज ऑफिसला जायच्या आधी दोन तास, आल्यावर दोन तास. बाई काळा चष्मा लावून स्टुलावर बसत आणि आवाजावरून सांगत, "घासताय की कुरवाळताय?" किंवा "आता स्वतःच्या चुकीचा राग काढताय. हलका हात."

सुटे भाग, नट-बोल्ट, सरकत्या पट्टीचे तुकडे यांच्यासाठी बाईंनी वेगळी सोय केली. गॅरेजबाहेर मोकळ्यावर प्लॅस्टिकचा टब, त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी, एका बाजूला जुन्या सळईचा तुकडा, दुसऱ्या बाजूला तारेने लोंबणारे गंजके नट, आणि दोन्हींना बुधवार पेठेतल्या बॅटरी चार्जरच्या तारा. वीज सोडली की नटांवरून बुडबुडे निघतात आणि गंज सुटून तांबडा फेस वर येतो. अध्यक्ष फिरायला जाताना थबकले. त्यांनी तारांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तारांकडे.

"हे... काय चाललंय इथे?"

"नट धुतोय," बाई म्हणाल्या. "तुमचा एखादा ढिला असेल तर द्या."

पाइपाचा विषय बाईंनी काढला तेव्हा ते म्हणाले की ही नैसर्गिक आपत्ती आहे.

"पाइप तुमचा होता."

"पाइप सोसायटीचा. मी फक्त अध्यक्ष."

तरी त्यांना काहीतरी टोचत असावं. कारण दुसऱ्या आठवड्यात ते आपल्या ओळखीच्या एका इंटिरियर डिझायनर मुलीला घेऊन आले. कोरेगाव पार्कात तिचं एका कॅफेचं काम चालू होतं आणि तिला जुनं मशीन हवं होतं. तेव्हा बेड अर्धा साफ झाला होता. अर्धा पांढरा, अर्धा लाल. मुलीने दोन्ही हात गालांवर नेले.

"ओ माय गॉड, हे टेक्स्चर! आँटी, हे किती ऑथेंटिक आहे! फक्त इथून पुढे प्लीज काही करू नका हं. ही साइड ऑलरेडी थोडी खराब झालीय."

ती घासलेल्या बाजूकडे बोट दाखवत होती. माझे आठ दिवस तिथे चमकत होते.

"ही बाजू पण आम्ही नंतर मॅच करून घेऊ. व्हिनेगर आणि मिठाचं पाणी मारलं की दोन दिवसांत मस्त रस्ट येतो. मग वरून लॅकर."

"यावर काय कापणार?" बाईंनी विचारलं.

"कापणार? अं... केक? हे काउंटर होणार ना, डेझर्ट्सचं."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, विचार करा. वय, डोळे, आणि आता सोसायटीचं रिडेव्हलपमेंटही येतंय. कुठे ठेवणार हे धूड?" हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. बाई फडक्याची घडी घालत बसल्या. मला वाटलं, देऊन टाकणार.

"तुम्हाला गंजच हवाय ना?" शेवटी बाई म्हणाल्या.

"हो, म्हणजे तो लुक."

"मग त्या लुकात उभ्या आहात तुम्ही. मागे बघा."

मागे शटर होतं. वीस पावसाळ्यांचं, वरून खालपर्यंत लाल, कडांना भोकं पडलेलं. मुलीने मोबाइल काढला आणि फोटो घेत सुटली. चौथ्या दिवशी कॅफेची माणसं येऊन ते जुनाट शटर काढून घेऊन गेली आणि जाताना कॅफेच्याच खर्चाने बाईंना नवंकोरं, रंगवलेलं बसवून गेली. कॅफे उघडल्यावर अध्यक्ष सहकुटुंब गेले. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी फोटो टाकला. मागच्या भिंतीवर प्रकाशझोतात ते शटर, पुढे अध्यक्ष आणि कॉफी. खाली लिहिलं होतं, 'सुंदर वातावरण'.

शेवटच्या आठवड्यात, मी घासत असताना, बाई आपणहून म्हणाल्या, "हे मी विकणार होते, माहितीय? घेणारा आला होता. बेडवर हात फिरवून म्हणाला, वा, साहेबांनी मशीन फार सुंदर ठेवलंय हो."

"मग?"

"मग काय? नाही विकलं."

मी हात थांबवला नाही.

मेणाचा शेवटचा हात झाला. बेड असा झाला की त्यात छतावरचा पाइप दिसत होता, आता नव्या सांध्यासकट. बाईंचा दुसरा चष्मा आला होता. त्यांनी खिशातली फूटपट्टी बेडवर उभी धरून खाली फट दिसते का पाहिलं, चारी बाजूंनी. मग बटण दाबलं. मशीन गुरगुरून सुरात आलं.

"फळी द्या एखादी," बाई म्हणाल्या.

मी गॅरेज शोधलं, त्यांचं घर शोधलं. तासण्यासारखी एक फळी त्या घरात नव्हती. मशीन मोकळंच फिरत होतं आणि बाई त्याच्यापुढे हात पुढे करून उभ्या होत्या. मी खोलीत गेलो, गादी उचलली आणि माझ्या खाटेची एक फळी काढून आणली. बाईंनी ती मशिनवरून दोनदा काढली. पातळ, लांब, सलग साल निघाली. फळी त्यांनी गालाला लावून पाहिली आणि मशीन बंद केलं.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. आणि मग, मला नव्हे, मशिनलाच म्हटल्यासारखं, "आता काय?"

उत्तर घेऊन आला तो माणूस वाघोलीचा. समोरची इमारत पाडायला घेतली होती, तिथली जुनी सागवानी दारं विकत घ्यायला हा मिस्त्री टेम्पो घेऊन येत असे. वाघोलीत त्याची पत्र्याची शेड होती. पाडलेल्या घरांच्या दारांचे पलंग आणि कपाटं करायची. पाणी मागायला म्हणून तो गॅरेजशी आला आणि तिथेच उभा राहिला. त्याने मशिनला हात लावला नाही. खाली वाकून पाती बघितली.

"चालू हाय का हे?"

त्या मशिनकडे बघून हा प्रश्न विचारणारा तो पहिलाच. मी तीन आठवडे घासलं होतं, मीही विचारला नव्हता.

"पलंगाच्या पाट्या कशावर काढता?" बाईंनी विचारलं.

"हातानंच की. दिसभर तेच चालतंय."

"किती लांबीच्या?"

ते दोघं पुढचा तासभर बोलत होते. मी ऑफिसला गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा व्यवहार ठरला होता. काय ठरला ते बाईंनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चार दिवसांनी क्रेन आली. मशीन उचललं जाताना बाई नव्या शटरपाशी उभ्या होत्या. मिस्त्रीला त्यांनी मेणाचा डबा दिला, चादर दिली, काय करायचं आणि काय नाही याचे दोन कागद लिहून दिले. रिकाम्या गॅरेजात जमिनीवर चार बोल्टांची भोकं उरली. माझ्या भिंतीवरचा काटा बाईंनी काढून नेला. त्या दिवशी मी कुकर लावला, आणि तो शिट्टी देईपर्यंत मला अपराधी वाटत राहिलं.

पुढचे काही दिवस बाई फळ्यासमोरून जाताना सूचना वाचत, पण खाली काही लिहीत नसत. महिन्याभराने त्या म्हणाल्या, "वाघोलीला जायचंय." मी रविवारी स्कूटर काढली. मनातून घाबरलो होतो. शेड पत्र्याची, तीन बाजूंनी उघडी, रस्त्याची धूळ थेट आत. वाटेत मी दोनदा म्हणालो की आधी फोन करू या. बाईंना ऐकू आलं नाही, किंवा आलं.

जे वाटलं होतं त्याहून वाईट होतं. चादर कुठेच दिसेना. सबंध बेड भुशाने झाकलेला, त्यावर पेन्सिलीची आकडेमोड, एका कडेला मिस्त्रीचा सदरा, आणि पात्यांच्या फटीला लागूनच, जिथे मी तीन दिवस एकाच वीतभर जागेशी झुंजलो होतो, तिथे चहाचा अर्धा भरलेला ग्लास. ग्लास रोज तिथेच ठेवला जात असणार. बिडावर एकात एक तीन-चार तांबडी वर्तुळं उठली होती.

मिस्त्रीने आम्हाला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने आधी सदरा ओढला, मग बाहीने भुसा पुसायला लागला. "बाई, आवो, फोन करून यायचं की. लई काम हाय, रोज म्हनतो मेन लावतो..."

शेडच्या भिंतीला तासलेल्या पाट्या छतापर्यंत उभ्या होत्या. बाई त्यांच्यापाशी गेल्या. एक पाटी ओढून तिच्यावरून हात फिरवला, डोळ्यासमोर आडवी धरून एका टोकाने नजर टाकली. दुसरी ओढली. तिसरी. मिस्त्री आणि मी शाळेतल्यासारखे शेजारी शेजारी उभे होतो. मग बाई मशिनपाशी आल्या, ग्लास उचलला, खालच्या वर्तुळांकडे बघितलं.

बाईंनी तो चहा पिऊन टाकला.

"साखर जास्त आहे," रिकामा ग्लास मिस्त्रीच्या हातात देत त्या म्हणाल्या, आणि साडीचा पदर कमरेला खोचला. "पुढची पाटी द्या. मी ढकलते, तुम्ही पलीकडून घ्या."

त्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा दुपार टळली होती.